पहाटेची वेचणी

होळी सरली की तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, उटनूर आणि इंद्रवेल्लीकडच्या रानात मोह गळायला लागतो. मध्यरात्र उलटली की फुलं सुटू लागतात आणि सूर्य कासराभर वर येईपर्यंत झाडाखाली टपटप चालू राहते. या दिवसांत झाडावर पान जवळजवळ नसतंच. काळपट फांद्या, टोकांना कळ्यांचे झुबके आणि त्यातून खाली येणारं फिकट पिवळं, रसानं भरलेलं फूल. रात्री वटवाघळं झाडावर येऊन जातात. खाली हरणं येतात, अस्वलं येतात, उजाडलं की गावची गुरं येतात. म्हणून गोंड आणि कोलाम घरांतल्या बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. बरोबर पोरं असतात, घरातली म्हातारी असते. कुठलं झाड कुणाच्या घराचं हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी टोपली टेकवत नाही.

वाकून एकेक फूल उचलावं लागतं. पहिली टोपली भरते तोवर पाठ भरून येते. तरी या कामात गडबड दिसत नाही, आवाज चढलेला ऐकू येत नाही. एकदा अशाच एका झाडाखाली मी उभा होतो तेव्हा एका गोंड मावशीनं खाली पडलेलं फूल माझ्या तळहातावर ठेवलं आणि वर फांदीकडे बोट दाखवलं. फूल पडलं होतं, पण त्याची तपकिरी टोपी आणि मधली बारीक काडी फांदीवरच होती. मोहाची हीच रीत. गळतो तो फुलाचा रसाळ भाग. फळ धरणारा भाग झाडावर राहतो. ढीगभर फुलं वेचून नेली तरी पुढच्या फळात काही कमी होत नाही. पावसाच्या तोंडावर त्याच जागी फळं पिकतात आणि त्यांच्या बियांचं, टोरीचं तेल निघतं. एकाच झाडाखाली वर्षातून दोनदा वेचणी होते आणि दोन्ही वेळा झाडाला धक्का लागत नाही.

वेचलेली फुलं अंगणात दोन-तीन उन्हं खातात आणि मनुकांसारखी लालसर तपकिरी होतात. मग ती कणगीत जातात. ज्या महिन्यांत घरातली ज्वारी संपत येते त्या महिन्यांत कित्येक घरं या फुलांवर तगून राहिली आहेत. मोह म्हटलं की शहरातल्या माणसाला दारू आठवते. मला मात्र शिजवलेल्या मोहाचा गोडसर वास आठवतो, कारण आमच्या घरी ज्वारीच्या बदल्यात वाळलेला मोह यायचा आणि आजी तो पिठात मिसळून भाकरी थापायची. आता उटनूरला आदिवासी बायकांच्या सहकारी संस्थेत तीळ, शेंगदाणे आणि गूळ घालून मोहाचे लाडू होतात आणि आश्रमशाळेतल्या मुलांपर्यंत पोचतात. मुलांच्या खाण्यात त्यांच्याच रानातलं फूल आलं याचा मला मनापासून आनंद आहे.

रानातलं फूल वेचायचा हक्क सहज मिळालेला नाही. उटनूरच्या वाटेवर इंद्रवेल्लीचा हुतात्मा स्तंभ लागतो. 20 एप्रिल 1981 ला, मोहाच्याच दिवसांत, जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर इथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. रानातल्या गौण उपजांवर, म्हणजे मोह, टोरी, डिंक, मध यांवर तिथं पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांची मालकी आहे हे कायद्यानं मान्य व्हायला 2006 उजाडलं. गळालेलं फूल उचलायलाही एवढी वाट पाहावी लागली. आणि ज्यांच्या हातात हा हक्क आहे त्यांनाही एक गोष्ट प्रेमानं सांगावीशी वाटते. झाडाखालची जागा साफ करायला पाचोळा पेटवला की ठिणगी रानभर जाते आणि उद्याची मोहाची रोपं त्यात जळतात. खाली जाळी किंवा जुनं लुगडं अंथरलं तर फुलंही स्वच्छ मिळतात.

आमच्या जैनदकडच्या काळ्या जमिनीत वेचणीची वेळ वेगळी. मोहाला उशीर चालत नाही आणि कापसाला घाई चालत नाही. कार्तिक-मार्गशीर्षात आदिलाबादेत जी थंडी पडते तशी तेलंगणात दुसरीकडे क्वचितच. पहाटे बोंडाबोंडावर दव असतं. तसाच कापूस वेचला तर तो गाठोड्यात गरम होतो, पिवळा पडतो आणि बाजारात ओलाव्याचं यंत्र लावलं की भाव खाली येतो. 8 टक्क्यांपर्यंत ओल असेल तर पूर्ण भाव, त्याच्या वर कपात आणि 12 टक्क्यांच्या पुढे गेली तर कापूस महामंडळ माल घेतच नाही. म्हणून बांधावर शेकोटी करून दव वाळायची वाट पाहायची.

आमच्या घराच्या सगळ्या आठवणी त्या शेकोटीवर सांगितल्या गेल्या. आजी एरवी बोलायची नाही. घरात तिला वेळच नसायचा. दव वाळेपर्यंतच काय तो तिला मोकळा वेळ, आणि तेवढ्यात ती एखादी गोष्ट सांगायची, तीही अर्धी. उरलेली दुसऱ्या दिवशी सांगेल असंही नसे. आम्ही नातवंडं ते तुकडे गोळा करत गेलो. कुणाकडे माहेरचा तुकडा आहे, कुणाकडे दुष्काळाचा, कुणाकडे रझाकारांच्या धाकात गाव सोडून गेल्याचा.

माझ्याकडे माहेरचा आहे. आजीचं माहेर किनवट तालुक्यात आणि सासर जैनदला. तिचं लग्न झालं तेव्हा दोन्ही गावं निजामाच्या राज्यात, एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होती. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यं झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि जैनद आंध्र प्रदेशात राहिलं. आजी होती तिथेच होती, चूल तीच होती, पण माहेर परराज्यात गेलं. तिला त्याचं दुःख झालं का, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "गाडी तर तीच व्हती ना रे." आदिलाबादहून मुदखेडकडे जाणारी मीटरगेजची छोटी गाडी किनवटला थांबायची. राज्य बदललं तरी त्या गाडीनं तिला दर दिवाळीला माहेरी नेलं. माहूरच्या रेणुकेच्या दर्शनालाही ती त्याच वाटेनं जायची. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत आजही सोयरीक होते, नांदेड-यवतमाळच्या लेकी इकडे येतात आणि इकडच्या तिकडे जातात. बेला, जैनद, तामसी, भीमपूरच्या घरांत मराठी बोलली जाते, बाजारात तेलुगू चालते आणि रानाकडच्या माणसाशी बोलताना गोंडीचे चार शब्द आपोआप तोंडात येतात. 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद. मी या लेखात जिल्हा म्हणतो तो आजीच्या वेळचा, सगळा मिळून.

जैनदच्या लक्ष्मीनारायणाच्या काळ्या दगडी देवळात आश्विनात उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीच्या पायांवर येतात. ते पाहायला पहाटेच गर्दी होते. गावातल्या एका जुन्या शिलालेखाची सुरुवातही सूर्याला नमन करून होते. परमार घराण्यातल्या जगद्देवाच्या काळचा हा लेख, सुमारे 900 वर्षांपूर्वीचा. जगद्देवाचा अधिकारी लोलार्क याची पत्नी पद्मावती हिनं निंबादित्याचं, म्हणजे सूर्याचं मंदिर बांधलं असं त्यात कोरलं आहे. राजांच्या लढायांच्या ओळी मी विसरून जातो. पद्मावती लक्षात राहते. एका बाईनं आमच्या गावात उगवत्या सूर्यासाठी घर बांधलं, एवढं दगडानं सांभाळून ठेवलं.

आजीची एक पितळेची घागर होती. माहेराहून आलेली. काठाला चीर गेली, डाग देऊन झाला, पुन्हा गळायला लागली. घरातल्यांनी मोडीत काढायची ठरवली तेव्हा आजीनं ती बाजारच्या दिवशी आलेल्या ओझा कारागिराला दिली आणि काही महिन्यांनी तिच्या बदल्यात एक दिवा, बैलांच्या गळ्यातल्या दोन घंटा आणि एक मोर घरी आला. दिवा आमच्याकडे अजून आहे.

ओझा हे गोंडांचे धातूचे कारागीर. जुन्या जिल्ह्यात उशेगाव आणि केसलागुडा ही त्यांची गावं, दोन्ही आज आसिफाबादकडे. त्यांचं काम मी जवळून पाहिलं आहे आणि ते पाहायला कुणीही मुद्दाम जावं असं मला वाटतं. आधी मातीचा गाभा करतात आणि सावलीत वाळवतात. मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळून त्याच्या बारीक दोऱ्या ओढतात. त्या दोऱ्या गाभ्यावर गुंडाळत, चिकटवत सगळं घडतं. देवाचे डोळे, गळ्यातल्या माळा, मोराच्या पिसाऱ्यावरची नक्षी, सगळं मेणाच्या दोरीचं. त्यावर गाळलेल्या मऊ मातीचा पातळ हात, वर जाड माती आणि एक तोंड मोकळं. भट्टीत घातलं की मेण वितळून निघून जातं आणि जिथं मेण होतं तिथं आत पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेलं पितळ उतरतं. हे पितळ बहुतेक जुन्या भांड्यांचं, फुटक्या घागरींचं, पिचलेल्या तांब्यांचं. निवलं की माती फोडायची. साचा एकदाच कामाला येतो, त्यामुळे दोन मूर्ती कधी अगदी सारख्या होत नाहीत.

गोंडांच्या देवघरातल्या मूर्ती, दंडारी नाचातले घुंगरू, लग्नातले दिवे ओझांच्या हातचे असतात. 2018 मध्ये आदिलाबादच्या या ओतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात पितळेचा आणि मेणाचा भाव वाढला आहे, मागणी मात्र वर्षभर सारखी नसते. एका हातभर उंचीच्या मूर्तीमागे पूर्ण घराचे कितीतरी दिवस गेलेले असतात, कारण मेणाच्या दोऱ्या बायका ओढतात, माती पोरं मळतात आणि ओतकामाला म्हातारा बसतो. तिथं जाऊन कुणी घासाघीस केली की माझा जीव कळवळतो.

आजीची घागर, मोहाचं फूल आणि तिच्या गोष्टींचे तुकडे, तिन्हींचा धागा मला एकच दिसतो. आमच्या मुलखातल्या सुंदर गोष्टी बहुतेक गळालेल्या, मोडलेल्या, टाकून दिलेल्या वस्तूंतून आल्या आहेत. कुणीतरी वेळेवर जाऊन त्या उचलल्या म्हणून त्या राहिल्या.

मोरपिसांचंही तसंच. पावसाळा सरत आला की मोर आपला पिसारा टाकून देतो. रानातून, शेतातून ती पिसं गोळा होतात आणि जाणते हात ती एकात एक गुंफून गुसाडी म्हणजे दंडारीत नाचणाऱ्यांचा भव्य टोप बांधतात. दिवाळीच्या आधी दंडारीचे दिवस लागतात. अंगाला राख फासलेले, खांद्यावर कातडं आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप घेतलेले गुसाडी एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. पेपरे आणि ढोल वाजतात. यजमान गाव त्यांचे पाय धुतं, जेवू घालतं. टोप हा देवाचा, म्हणून तो जमिनीवर टेकवत नाहीत. मार्लवाईच्या कनक राजूंनी हा नाच पोरांना शिकवण्यात आयुष्य घालवलं, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2024 च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर ते गेले.

मार्लवाईचं नाव निघालं की मला आणखी वेचणारे आठवतात. 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचे नेते कुमरम भीम मारले गेल्यावर निजाम सरकारनं ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांना या भागात पाठवलं. ते पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाईत झोपडी बांधून राहिले, जमिनीचे पट्टे गोंडांना मिळावेत म्हणून झटले, तिथं गोंड शिक्षक तयार होऊ लागले आणि गोंडी वाचनाची पुस्तकं देवनागरीत निघाली. आज दोघांच्या समाध्या त्या गावात शेजारी शेजारी आहेत. आणि सेतुमाधवराव पगडी. शिवकाळाचे आणि फारसी साधनांचे अभ्यासक म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. निलंग्यात जन्मलेला हा माणूस सरकारी अधिकारी म्हणून आमच्या रानात आला, गोंडी शिकला, कोलामी शिकला आणि दोन्ही भाषांची व्याकरणं लिहून गेला. अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून दुभाष्याकरवी काम भागलं असतं. त्यांनी पाड्यापाड्यांवर बसून शब्द गोळा केले. मराठी माणसानं शेजारच्या भाषेसाठी केलेलं इतकं मोठं काम आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, याची मला खंत आहे. गोंड, कोलाम आपल्याशी आपल्या मराठीत बोलतात हे आपण गृहीत धरतो. उलट दिशेनं चालत जाणारे पगडी विरळा.

लहानपणी बाबांबरोबरचा सगळ्यात मोठा प्रवास म्हणजे निर्मलचा. सकाळची बस नेरडीगोंडा मागे टाकून घाट उतरायला लागली की सागाच्या रानात धुकं असायचं. पावसाळ्यात आधी कुंतालाला उतरायचं, कडेम नदीचा धबधबा पाहायचा आणि दुपारी निर्मल. बाबा रंगवलेली लाकडी फळं आणायचे. सीताफळ इतकं खरं दिसायचं की माझी धाकटी बहीण त्याला चावली होती.

निर्मलच्या खेळण्यांतही टाकाऊचा वाटा आहे. चिंच खाऊन फेकलेले चिंचोके भिजवून, वाटून त्यांची खळ करतात. कोरताना पडलेला भुसा त्या खळीत कालवून त्यानंच हरणाचे पाय आणि पोपटाची चोच जोडतात, भेगा बुजवतात, मग पांढऱ्या मातीचा हात देऊन रंग चढवतात. पण मूळ लाकूड मात्र तोडावंच लागतं. पोनिकी नावाचं हे झाड मऊ, वजनाला हलकं आणि चिरफळ्या न होता कोरलं जाणारं. दुसऱ्या लाकडाला ते काम जमत नाही. पिढ्यान् पिढ्या कारागिरांनी ते जवळच्या रानातून आणलं आणि आता जवळचं रान संपलं. इथे वेचून भागत नाही. इथे लावावं लागतं. वनखात्यानं पोनिकीची लागवड हाती घेतली आहे, ते चांगलंच झालं, पण रोप कोरण्याजोगं जाड होईपर्यंत बरीच वर्षं जातात आणि तेवढी वर्षं कारागिराच्या घरात चूल पेटती राहायला हवी. कारागिराचा मुलगा हैदराबादेत दुसऱ्या कामाला लागला तर झाड तयार होईल तेव्हा पटाशी धरणारा हात तिथे नसेल.

यंदा आमच्या घरी भाचीचं लग्न आहे. पाहुण्यांना द्यायच्या वस्तू मुंबईहून मागवायच्या असं चाललं होतं. मी निर्मलला सांगून ठेवलंय, आणि दिवे उशेगावला. मोहाचे लाडू उटनूरहून येतील. भाचीनं स्वतः जाऊन निवडायचं ठरवलंय, सकाळची पहिली बस धरून, कारण दुपारी कारागीर जेवायला उठतात आणि भट्टी सकाळीच लागते.